बर्फातली बाटली

पुरुष ती बाटली कशी आणतो यावरून मला त्याच्याबद्दल पुरेसं कळतं. बरेच जण काळ्या पिशवीत गुंडाळून आणतात, दारूची क्वार्टर घरी नेतात तशी. काही जण ती बायकोच्या हातात देतात आणि स्वतः दोन पावलं मागे उभे राहतात, जणू ती वस्तू तिच्या माहेरहून आली आहे. एकाने तर हेल्मेट न काढताच बाटली काउंटरवर ठेवली. नाव विचारलं तर आतून काहीतरी पुटपुटला. मला ऐकू आलं नाही म्हणून त्याने काच वर केली आणि बायकोचं नाव सांगितलं.

मी कर्जतच्या बाजारपेठेत, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर, मूल न होणाऱ्या जोडप्यांच्या दवाखान्यात काम करते. लॅबमध्ये आहे, एवढंच मी लोकांना सांगते. लोकांना वाटतं, रक्त-लघवी तपासते. मी ते दुरुस्त करत नाही. माझं खरं काम पुरुषांचं वीर्य धुण्याचं आहे. आमच्याकडे त्याला वॉशिंगच म्हणतात, आणि मावशी, म्हणजे आमची आया, दर वेळी 'ताईंचं धुनं चाललंय' म्हणून हसते.

काम तसं साधं आहे. बाटली आली की ती अंगाच्या तापमानाला ठेवायची. वीस मिनिटांत आतला चिकटपणा जाऊन ते पाण्यासारखं होतं. मग एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली. किती आहेत, किती हलताहेत, किती नुसतेच पडून आहेत, हे मोजायचं. त्यानंतर एका नळीत दोन औषधी द्रवांचे थर द्यायचे, खाली दाट, वर पातळ, आणि त्यावर ते वीर्य अलगद सोडायचं. यंत्रात फिरवलं की मेलेले आणि कचरा वर अडकतो, आणि चांगले तेवढे तळाशी जातात. ते पुन्हा धुवायचे. शेवटी उरतो तो जेमतेम अर्धा मिलिलिटर, गुलाबीसर पाण्यासारखा. तो डॉक्टर एका बारीक नळीने बाईच्या गर्भाशयात सोडतात. एवढं सगळं होऊन मूल राहिलं तर पेढे डॉक्टरांना मिळतात. मला त्याचं काही वाटत नाही. मला पेढे आवडत नाहीत.

डॉक्टर बुधवारी आणि शनिवारी पनवेलहून येतात आणि दोनच्या ठोक्याला परत जातात. ते पेशंटशी 'आपण' म्हणून बोलतात. आपण गोळ्या घेतल्या का, आपल्याला पाळी आली का, आपण या वेळी पॉझिटिव्ह होणार. मी ते आतून ऐकत असते. या 'आपण'मध्ये ते स्वतः कधीच नसतात.

शनिवारी मुंबईचेही येतात. तिथे कोणी बघेल म्हणून इथे. आणि इथल्यांना कर्जतमध्ये कोणी बघेल अशी भीती, म्हणून ऐपत असलेले इथले मुंबईला जातात. लोकलच्या दोन्ही दिशांनी एकच लाज ये-जा करते. ज्यांना मुंबई परवडत नाही ते घरून बाटली पाठवतात. आणि आणते कोण, तर बायको.

आमच्याकडे बाटली भरायची खोली आहे. पूर्वी ती सामानाची खोली होती. त्यात एक दिवाण, एक बेसिन, बंद पडलेला टीव्ही आणि भिंतीवर मेडिकलवाल्याने दिलेलं दत्ताचं कॅलेंडर. ते मावशीने लावलं होतं. भिंत मोकळी वाईट दिसते म्हणून. पुरुष आत जायचे आणि बऱ्याच वेळाने रिकामी बाटली घेऊन बाहेर यायचे. कारण कोणी सांगेना. शेवटी एका म्हाताऱ्या फौजदारासारख्या दिसणाऱ्या माणसाने जाताना मावशीला झापलं, "देव तरी काढायचा वो." मी ते कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून उलटं लटकवलं. दुसऱ्या दिवशी मावशीने सुलटं केलं. मी उलटं केलं की ती सुलटं करते. आम्ही यावर एकमेकींशी कधी बोललो नाही.

बोलणं हीच माझी अडचण आहे. मी भिवपुरीच्या पॉवर हाऊसच्या क्वार्टर्समध्ये वाढले. बाबा तिथे नोकरीला होते. शाळा इंग्लिश मीडियमची. या कामातले सगळे शब्द मला इंग्लिशमध्ये येतात, आणि इंग्लिशमध्ये ते सगळे स्वच्छ वाटतात. मराठीत मला एक पुस्तकातला शब्द माहीत होता आणि बाकीचे शिवीतले. ते तोंडावर म्हणायची वेळ येऊ नये म्हणून मी नोकरीला लागल्या लागल्या एक माहितीपत्रक केलं. इंग्लिशमध्ये. सात मुद्दे, चौकट, खाली दवाखान्याचा शिक्का. किती दिवस आधी संबंध टाळायचा, बाटली किती वेळात पोहोचली पाहिजे, वाटेत ती अंगाच्या उबेत कशी ठेवायची, सगळं त्यात होतं. प्रत्येकीला बाटलीबरोबर तो कागद द्यायचा. माझं काम संपलं.

फॉर्मवरचे रकानेही मी असेच भरायचे. किती दिवस झाले, हे विचारावंच लागायचं, आणि त्याची उत्तरं अशी यायची की मी मान वर करत नसे. नियम दोन ते पाच दिवसांचा आहे. पुरुष एकवीस म्हणून सांगतात, उपास मोजावेत तसे. बाटली कशी आणली, हा शेवटचा रकाना मात्र मी विचारायचेच नाही. कॉम्प्युटरमध्ये तिथे 'अंगाच्या उबेत' असं आधीच टाकून ठेवलं होतं.

आता त्या घराविषयी सांगते. खालापूरकडचं, चौक नावाच्या गावाच्या पुढचं खेडं. भाताची जमीन होती, त्यातली थोडी एका गोडाऊनवाल्याला गेली आणि त्याच गोडाऊनमध्ये मुलगा सुपरवायझर झाला. दवाखान्यात यायच्या त्या सासू आणि सून. मुलगा दोन वर्षांत एकदाही आला नव्हता. सून माझ्याच वयाची, दहावी झालेली, गुडघ्यावर पिशवी ठेवून बसायची. सासू उंच, कोरडी, हॉलमध्ये बसल्या बसल्या दुसऱ्यांची दुखणी विचारून घ्यायची. माझ्याशी बोलताना ती मला आरपार बघायची, खिडकीतून बघावं तसं.

मुलाचा पहिला रिपोर्ट वाईट होता. संख्या ठीक, पण हलणारे अगदी थोडे. तो रिपोर्ट मीच केला होता. त्या घरात त्या कागदामुळे एक प्रकारची शांतता आली, हे मला सुनेकडूनच कळलं. इंजेक्शनच्या वेळी ती मावशीला सांगत होती, "आता मला कोन काय बोलत नाय. पोरालाच उष्णता हाय म्हनतात." दोन वेळा वीर्य धुऊन आत सोडलं. दोन्ही वेळा धुतल्यावर हाती लागलं ते फारच थोडं होतं. दोन्ही वेळा पाळी आली.

तिसऱ्या वेळेआधी सासूने हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "तीन येळा बगायचं. देवाला पन तीनदाच हात जोडतो. तिसऱ्यांदा नाय लागलं तं हिला माहेराला धाडनार. पोरात कमी हाय, मान्य. पन दुसरीसंगं जुळंल. कुटं जुळतं, कुटं नाय." सून शेजारीच बसली होती. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. समोरच्या बायकांनी माना हलवल्या, जणू भाताच्या बियाण्याबद्दल चाललंय. मला त्या हॉलमधल्या प्रत्येक बाईचा राग आला, गप्प बसलेल्या सुनेचासुद्धा. मी आत गेले आणि नळ्या पुसत बसले.

तो बुधवार होता. सुनेला बीज फुटायचं इंजेक्शन सोमवारी रात्री दिलेलं होतं, म्हणजे जे करायचं ते त्याच दिवशी. सव्वादहाला त्या दोघी आल्या. सासूने काउंटरवर माझ्यापुढे बाटली ठेवली. ती एका कागदात गुंडाळून वर रबर लावलेलं होतं. रबर काढलं तर तो माझाच कागद होता. सात मुद्दे, चौकट, शिक्का.

बाटली दगडासारखी होती. मी ती उलटी केली. आतलं पांढरं तळाला चिकटून राहिलं.

मी तरी थेंबभर वितळवून बघितलं. सगळे होते, आणि सगळे मेलेले. शेपट्या सरळ, एकही हलत नव्हता. मी बाहेर आले. हॉलमध्ये सात-आठ जणी होत्या. मी शक्य तितक्या हळू विचारलं, "हे कुठे ठेवलं होतं?"

"फ्रीजरला," सासू म्हणाली. तिने आवाज हळू केला नाही. "त्याची सकालची ड्युटी. म्हनून काल संध्याकालीच घेतलं नि ठेवलं. बोंबील काडून कोपरा धुतला पयला."

"फ्रीजरमध्ये का पण?"

तिने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच आरपार नाही, माझ्याकडेच. "मॅडम, आमच्या जर्सीला गुरांचा डॉक्टर येतो. त्याच्या टाकीचं झाकन उगडलं की धूर निंगतो, एवडं गार. बैल हाय तिकडं लांब कुटंतरी, नि वासरू आमच्या गोट्यात व्हतं. गार हाय म्हनून टिकतं ना ते? त्यात आमच्या पोराला उष्णता." मग तिने जरा समजावल्यासारखं सांगितलं, "मागल्या दोन येळंला नुसता बरफ घातला व्हता आइसक्रीमच्या डब्यात. तेवड्यानं नाय भागलं. म्हनून ह्या येळंला फ्रीजरला."

कोपऱ्यातली एक बाई तोंडाला पदर लावून हसली. मीही मनात हसले, ते नाकारत नाही. त्या डॉक्टरच्या टाकीतल्या वीर्याच्या कांडीत ते गोठून मरू नये म्हणून औषध घातलेलं असतं, ते टप्प्याटप्प्याने गार केलेलं असतं, यातलं हिला काही ठाऊक नाही, आणि निघाली मुलाला बोंबलाशेजारी ठेवायला. हे सगळं मला त्या क्षणी अगदी सुखाने वाटलं.

मग तिचं दुसरं वाक्य माझ्यापर्यंत पोहोचलं. मागच्या दोन वेळेला नुसता बर्फ.

मी सुनेकडे बघितलं. "पहिल्या तपासणीच्या वेळेला?"

"तवा बी," ती म्हणाली. "मी म्हटलं व्हतं, मॅडमना इचारू. पन तुमी..." तिने वाक्य सोडून दिलं.

बर्फातून आलेलं वीर्य अर्धमेलं होतं. जे हलायचं ते थांबतं, परत उबेला आणलं तरी सगळं जागं होत नाही. हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. आणि त्या तिन्ही वेळा बाटली माझ्या हातात आली होती. हातमोज्यातून ती गार लागली असणार. एसीची हवा असेल असं मी धरून चालले असेन, किंवा तेवढंही नाही. दोन वर्षं मी ज्या माणसाला आजारी लिहीत होते, त्याचा आजार कदाचित आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात होता.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं. "नवऱ्याला बोलवा. इथे देऊ दे. दोनला मी निघणार, त्याच्या आत मिळालं तर करू." मागच्या दोन वेळेचं सांगायला मी तोंड उघडलं, पण ते सोनोग्राफीला गेले होते.

फोन मावशीने करायला हवा होता. तिने हात झटकले. "मी सांगू होय पुरुषमाणसाला असलं? माझ्या पोराच्या वयाचा असंल तो."

मी लॅबचं दार लावून घेतलं आणि फोन केला.

"काल दिलंय की," नवरा म्हणाला. मागे ट्रकचा रिव्हर्सचा आवाज येत होता.

"ते गोठलं. परत द्यावं लागेल. इथे येऊन."

"आई तं बोलली, बरोबर ठेवलंय."

"तुम्ही येताय का? साडेबाराच्या आत."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, हॉलमंदी आमच्या गावातलं कोन हाय का बगा ना."

मी गेले आणि बघून आले. कोण कुठली ते ठाऊक नसताना सात-आठ जणींकडे बघत उभी राहिले आणि परत येऊन सांगितलं, नाही कोणी. स्वतःचा एवढा तिटकारा मला त्याआधी क्वचितच आला असेल. त्याचा तर आलाच.

तो बाराला दहा कमी असताना आला. हेल्मेट काढलं, पण तोंडाला रुमाल बांधलेला. आईकडे बघितलं नाही, बायकोकडे बघितलं नाही, मावशीने दाखवलेल्या खोलीत शिरला आणि आतून कडी लावली.

सव्वाबारा झाले. मी हिशेब करत होते. पातळ व्हायला वीस मिनिटं, यंत्रात पंधरा, दुसरी धुलाई, परत यंत्र. साडेबाराच्या पुढे गेलं तर दोन वाजता डॉक्टर जिना उतरत असतील. सून लॅबच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिथे पेशंटने यायचं नसतं. मी तिला जा म्हटलं नाही.

"नाय व्हायचं त्यांच्यानं," ती म्हणाली. "घरी पन येळ लागतो. हितं तं आई बाहेर बसलीय."

मी नळ्या रांगेत लावत राहिले.

"मॅडम, एक सांगू? आज चांगलं निंगालं तरी कागदावर तसंच ऱ्हाऊ द्या. पयल्यासारखं."

"का?"

"त्याच्यात कायच नाय असं झालं तं मग मीच उरते ना."

ती हे इतक्या साध्या सुरात म्हणाली की मला आधी कळलंच नाही. मग कळलं. माझा तो चुकीचा रिपोर्ट दोन वर्षं तिच्या घरात तिच्या आणि सासूच्या मध्ये उभा होता.

बारा वीस. आणि मला एकदम आठवलं, सकाळी मी खोली बघितलीच नव्हती. मावशीने झाडू मारला होता. म्हणजे कॅलेंडर सुलटं असणार.

त्या दारापर्यंत सात पावलं आहेत. हॉलमधून दिसतं. सासू दिसत होती, तिच्या शेजारची हसणारी बाई दिसत होती. मी दाराला तोंड अगदी जवळ नेलं. दाराला रंगाचा वास होता.

"ऐका," मी म्हटलं. "समोरचं कॅलेंडर उलटं करा."

आतून आवाज आला, "कुटलं?"

"दत्ताचं."

खिळ्यावर कागद घासल्याचा आवाज आला. मग दिवाणाची कुरकुर झाली आणि तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "केलं."

मी परत आले तेव्हा माझे कान तापले होते. सुनेने खाली बघितलं, तिच्या खांद्यांवरून मला दिसत होतं की ती हसू दाबते आहे. तिला हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

बारा पस्तीसला लॅबच्या खिडकीच्या कट्ट्यावर बाटली आली. तोंडाचा रुमाल सोडून त्याने तिला गुंडाळला होता. माणूस कधी जिना उतरून गेला, कोणी पाहिलं नाही. रुमाल गरम होता. त्या घरातून मला गरम बाटली पहिल्यांदाच मिळत होती.

सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. उकळी फुटलेल्या पेजेसारखं सगळं हलत होतं. मी तीन वेळा मोजलं, कारण पहिल्या दोन वेळा मला ते खोटं वाटलं. त्या माणसात काही दोष नव्हता. आई बाहेर बसलेली, देव समोरून नुकता वळवलेला, डोक्यावर ड्युटीची घाई, आणि तरीही.

सुनेचं म्हणणं आठवलं, पण रिपोर्टवर मी मोजलं तेच लिहिलं. एक चाळीसला डॉक्टरांनी ते आत सोडलं. सून पंधरा मिनिटं टेबलावर पडून राहिली. डॉक्टर हात पुसत हॉलमध्ये आले, एका हातात माझा नवा रिपोर्ट. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आनंदी आवाजात म्हणाले, "आजी, आपला मुलगा एकदम नॉर्मल आहे. फर्स्ट क्लास." मग बॅग उचलून जिन्याकडे निघाले. दोनला पाच कमी होते.

सासूने तो शब्द आधी नीट बसू दिला. "म्हंजे माज्या पोरात कायच नाय." ती शेजारणीकडे वळली. "दोन वर्सं पोराला नावं ठेवली मी. अन् दोष हिच्यात."

सून तेव्हाच आतून बाहेर आली होती. साडीच्या निऱ्या सारख्या करत होती. तिचा हात तिथेच थांबला. तिने सासूकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"तसं नाही," मी म्हटलं.

हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा माझा आवाज मोठा आला असावा.

"ह्यांच्या सगळ्या तपासण्या बरोबर आहेत. नळ्या, बीज, सगळं. आधीच्या दोन वेळा धरू नका. बर्फामुळे त्यात काही उरलंच नव्हतं." हे अगदी खरं नव्हतं, थोडे हलणारे असायचे. पण तेवढा फरक मी त्या वेळी ठेवला नाही. "कसं आणायचं ते कागदावर लिहिलं होतं. पण तो कागद इंग्लिशमध्ये आहे. तो मी लिहिला. आणि कसं आणलं, ते मी विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. म्हणजे चूक माझी आहे. म्हणजे आज... आज पहिलीच वेळ आहे."

एवढं सलग मराठी मी अनोळखी माणसांपुढे शाळा सुटल्यापासून बोलले नसेन.

सासूने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. अ‍ॅप्रन, हातमोजे, पुन्हा तोंड. "तुमी कुटल्या?"

"भिवपुरीची."

"भिवपुरीच्या. मी म्हटलं मंबईच्या हाव. मंग मराटी लिवता येत नाय?"

मी हातमोजे काढायला लागले.

"आमचा गुरांचा डॉक्टर शिकलाय किती कुनास ठावं. पन गोट्यात शिरला की पयलं तोंड उगडतो. गाय कवा माजावर आली, काय खाल्लं, मागल्या येळंला कोन आलता. गाय काय सांगनार, तरी इचारतो. तुमी दोन वर्सांत आमाला एक शबुद नाय बोललाव. आमी म्हटलं, मॅडम मोट्या शिकलेल्या, काय चुकलं असतं तं बोलल्या असत्या."

मावशी फडक्याने काउंटर पुसत होती. एकाच जागी.

"बरं," सासू उठली. तिने बोटं मोजली, दोन मिटली आणि एक उघडं ठेवलं. "मंग ही पयली." सुनेला म्हणाली, "चल गं. मिनीडोर रिक्षा भरून जाईल." जाताना तिने काउंटरवरचा माझा कागद उचलला, रबरासकट पिशवीत टाकला. तो तिला कशाला हवा होता, मला माहीत नाही. काहीतरी गुंडाळायला असेल.

पंधरा दिवसांनी सुनेला पाळी आली. तिने फोनवर कळवलं, मावशीने वहीत नोंद केली. त्या दरम्यान मी तो कागद मराठीत लिहायला घेतला होता. तिसऱ्या मुद्द्यावर अडले तेव्हा मावशीला विचारलं की या गोष्टीला तुमच्याकडे चांगल्या घरात काय म्हणतात. ती म्हणाली, चांगल्या घरात काय म्हनत नाहीत, नुसतं 'ते' म्हनतात. मी 'ते' लिहिलं. सगळ्यांना समजतं.

मला ती माणसं अजूनही आवडत नाहीत, हेही लिहून ठेवते. सुनेला बियाण्यासारखं बदलायची भाषा करणारी बाई माझ्या मनात चांगली झाली नाही. रुमालात तोंड लपवून येणारा तो नवरा तर नाहीच. फक्त आता चुकणाऱ्यांच्या रांगेबाहेर मी स्वतःला उभी धरत नाही, एवढंच.

पुढच्या महिन्यात एका शनिवारी त्या दोघी आल्या. या वेळी सुनेचे हात रिकामे होते. सासूने इकडेतिकडे न बघता, भर हॉलमध्ये, स्वतःच्या चोळीत हात घातला आणि बाटली काढून माझ्यापुढे ठेवली.

"कसं आणलं?" मी विचारलं. तो रकाना आता कॉम्प्युटरमध्ये रिकामा असतो.

"बगताय ना. उबेत. चौकापास्नं हितपर्यंत हात काडला नाय. हिच्यावर सोडनार नाय आता मी, ही येंधळी हाय."

"किती वाजता घेतलं?"

"आट वाजून धा, आज त्याची दुपारची ड्युटी. आता पावने नऊ. भरभर करा." तिने दोन बोटं वर केली, मला दाखवण्यासाठी नाही, स्वतःलाच. "ही दुसरी. अजून एक हाय."

मागे सून बाकावर बसली. तिने पिशवीतून चण्यांची पुडी काढली. पुडीवर माझी इंग्लिश चौकट होती. तिने ती पुडी माझ्याकडे किंचित पुढे केली, मी नको म्हणून मान हलवली, आणि बाटली घेऊन आत गेले. बाटली गरम होती.